संत्र्याच्या पेटीवरचा ठोका

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की मला आधी ठोके ऐकू येतात, वास नंतर येतो. अकोल्यात माझ्या घराखाली एक गाडीवाला संत्र्यांचा ढीग लावून बसतो. त्याच्याकडे ना हातोडी ना लाकडी पेटी, सगळा माल प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो. तरी पहिली फोड तोंडात टाकली की कानात सुरू होतं: टिक, ठाक, ठाक. मग एक छोटीशी गप्प जागा. पुन्हा टिक, ठाक, ठाक. बायको म्हणते, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून या. मी दाखवतो म्हणतो आणि दुसरी फोड उचलतो.

चौदा वर्षं ही फोड मला जरा कडूच लागायची. यंदा मी चार संत्री एका बैठकीत संपवली, सालीसकट नाही एवढंच. का, ते सांगायला बसलो आहे, आणि मधूनमधून छाती फुगवून सांगणार आहे, ते सहन करा.

हे ठोके कदाचित तुम्हीही ऐकले असतील. परदेशातला एक जुना, फार मोठा रॉक बँड आहे. नाव सांगत नाही, पण अमरावतीत रस्त्याकडेला काळे टी-शर्ट विकायला लटकवलेले असतात, त्यातल्या निम्म्यांवर त्यांचेच चेहरे असतात. मी त्यांना लांब केसवाले म्हणतो. त्यांच्या एका गाण्याचं 'दुर्मीळ, अप्रकाशित रेकॉर्डिंग' इंटरनेटवर फिरत असतं. त्याखाली लोक काय काय लिहितात! एकाने लिहिलंय की ढोलाचा असा कोरडा आवाज आणायला त्यांनी खास जुनं लाकूड मिळवलं असणार. दुसरा म्हणतो, गायकाचा आवाज एवढा चढा आणि उच्चार वेगळे येतात कारण त्या दिवशी त्याला ताप होता. आणि दुसऱ्या कडव्यात, गाणं सगळ्यात वर चढतं तिथे, एक ठोका पडतच नाही. त्या न पडलेल्या ठोक्यावर तर लोकांनी निबंध लिहिलेत. थोर कलावंतच असा ठोका सोडू शकतो, म्हणे.

ते लाकूड परतवाड्याचं आहे. ताप कुणालाही नव्हता. आणि ठोका का पडला नाही, ते आम्हा चौघांनाच माहीत होतं.

आमच्याकडे गाणं मूळ मालकाच्या नावाने येतच नाही, ही पहिली गोष्ट लक्षात घ्या. मी आयुष्यातलं पहिलं इंग्रजी रॉक ऐकलं ते परतवाड्यात, एका वरातीत, क्लॅरिनेटवर. नवरदेवाचे मित्र त्यावर धूळ उडवत नाचत होते. पुढे कॉलेजात मूळ गाणं ऐकलं तेव्हा मला प्रामाणिकपणे वाटलं, या गोऱ्या लोकांनी आमच्या अचलपूरच्या बँडवाल्याची चाल उचलली. कुणीतरी कुणाचं तरी म्हणतं आणि म्हणता म्हणता ते म्हणणाऱ्याचं होऊन जातं. यात मला कधी काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. गैर झालं ते वेगळंच, आणि ते मी केलं.

तो डिसेंबर. मी अमरावतीला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दर शनिवारी परतवाड्याला घरी येणारा. माझ्याकडे गिटार होती आणि साडेचार कॉर्ड येत होते. इरफान माझा वर्गमित्र, त्याच्याकडे एक कॅसिओ. आणि सुजाता. आमच्याच कॉलेजात, आमच्याच गावची, वामनकाकांची मुलगी. तिचा आवाज तयार झाला होता विहाराच्या अंगणात, भीमजयंतीला, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचला पाहिजे अशा गाण्यात. लांब केसवाल्यांचं गाणं तिने पहिल्यांदा ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "एवढा ओरडून राहिला तरी गळ्यातून काहून गाते हा? पोटातून गाय म्हणा." मग तिने शब्द देवनागरीत वहीवर उतरवून घेतले आणि पोटातून गायली. इरफानच्या हातातली बिस्किटाची पुडी खाली पडली होती.

गॅदरिंगला हे गाणं म्हणायचं ठरलं. ढोल मात्र नव्हता. सरावाला जागाही नव्हती. रविवारी सुजाता संत्रा मंडीत वडिलांच्या हाताखाली असायची, त्यांना फळ्या देत. म्हणून आम्ही तिथेच गेलो, पत्र्याच्या शेडमध्ये.

ती शेड डोळ्यांपुढून जात नाही. एका बाजूला संत्र्यांचे ढीग, निवडणाऱ्या बाया, ओल्या सालींचा डोळ्यांना झोंबणारा वास, ओठ चिकट, बोटं चिकट, गिटारच्या तारासुद्धा चिकट. मधोमध बारदानावर मांडी घालून बसलेले वामनकाका. ओठांत दहा-बारा खिळे धरलेले. एक खिळा ओठातून काढायचा, फळीवर टेकवायचा, टिक असा हलका ठोका देऊन उभा करायचा, मग ठाक, ठाक, आत. पुन्हा हात ओठांकडे. चार खिळे झाले की पेटी पायाने फिरवायची, खर्र. दिवसभर तेच. त्यात क्षणाचाही फरक पडत नसे.

पहिल्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "काका, दहा मिनिटं थांबता का? आमचं गाणं बिघडून राहिलं."

काकांनी ओठातले खिळे तळहातावर काढले. शांतपणे म्हणाले, "बाबू, संध्याकाळी गाडी निघते. मले थांबता येत नाही. तुमीच माह्यासंगं चाला ना."

आणि खिळे परत तोंडात.

आम्ही त्यांच्यासंगं चाललो. सुरुवातीला नाइलाजाने, मग आवडीने. तो हलका ठोका, दोन जड, आणि खिळा घ्यायला हात ओठांकडे जाईपर्यंतची ती गप्प जागा. सुजाता त्या जागेत श्वास घ्यायला शिकली. पेटी फिरवताना खर्र व्हायचं तिथे इरफान सूर बदलायचा. महिनाभरात ते गाणं लांब केसवाल्यांचं राहिलं नाही. त्यांच्यापेक्षा संथ झालं, जड झालं, आणि मी जबाबदारीने सांगतो, चांगलं झालं.

एका रविवारी दुपारी मी फोन एका रिकाम्या पेटीत, तणसावर ठेवला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात ती वरची ओळ आली. आजवर तिथे सुजाता थोडी अलीकडेच थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. आवाज पत्र्याला जाऊन भिडला, निवडणाऱ्या बायांचे हात थांबले, आणि वामनकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा कामावरून नजर उचलून लेकीकडे पाहिलं. हातोडी खाली आली ती खिळ्यावर नाही, अंगठ्यावर. तोंडात खिळे होते म्हणून ओरडता आलं नाही. ठोका पडला नाही. पुढचा पडला, आणि गाणं पुरं झालं. संपल्यावर सुजाता धावली. काका अंगठा मुठीत दाबून म्हणाले, "काही नाही व. ध्यान उडालं माहं."

तर निबंध लिहिणाऱ्या विद्वानांनो, हा तो सोडलेला ठोका.

आता माझी करणी. तेव्हा मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर जे काही असेल ते प्रत्येकाच्या कार्डात ओतलं जायचं, आणि जो गाणी घेऊन येईल त्याचीही त्या कॉम्प्युटरवर राहून जायची. अमरावतीच्या अशाच एका दुकानात मी ते रेकॉर्डिंग नेलं. दुकानदाराने विचारलं, "हे कोणाचं हाये भाऊ?" परतवाड्याच्या मुलीचं, मागे तिचा बाप पेट्या ठोकतोय, असं सांगितलं असतं तर त्याने ते पुसलं असतं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. मी ऐटीत म्हणालो, लांब केसवाल्यांचं, फार दुर्मीळ आहे. त्याने तेच नाव टाइप केलं. सुजाताला सांगायचं राहून गेलं असं मी पुढे स्वतःला समजावत राहिलो. राहून काही गेलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांत ते अर्ध्या अमरावतीच्या खिशात होतं, आणि तिथूनच पुढे कुणीतरी इंटरनेटवर चढवलं. ऑटोत वाजायचं, क्लासच्या जिन्यात वाजायचं. पोरं डोळे मिटून माना हलवायची, आणि मी आतून फुलून यायचो. सुजाता आणि इरफानच्याही कानावर ते आलं; दुकानदाराने नाव चुकवलं असेल, असं त्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं. पेट्यांचा आवाज आला की एक सिनिअर म्हणायचा, "पाह्य, याले म्हनते ड्रमर!" मी हसू दाबायचो. गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांना धक्का द्यायचा, असा माझा बेत होता. धक्का बसला, पण आम्हालाच.

गॅदरिंगच्या दिवशी काकांना यायला जमलं नाही, मंडीत गाडी भरायची होती. म्हणून मी त्यांच्या नुसत्या ठोक्यांचं वेगळं रेकॉर्डिंग केलं होतं, ते फोनवरून स्पीकरला जोडलं. स्पीकरमधून टिक, ठाक, ठाक सुरू झालं आणि हॉलभर कुजबुज पसरली. सुजाता गायली, अगदी तशीच गायली, त्या वरच्या ओळीसकट. टाळ्या पडल्या नाहीत. परीक्षक म्हणून आलेले संगीताचे सर स्टेजवर आले, आपला फोन माइकला लावून तेच गाणं वाजवलं. तेच ठोके, तोच श्वास.

"रेकॉर्ड लावून ओठ हलवलेस तू," ते म्हणाले. "नक्कल समजू शकतो मी. ही फसवणूक आहे."

"सर, हा माहाच आवाज हाये."

"मग महिनाभर झाला, सगळ्यांच्या फोनमध्ये या बँडच्या नावाने कसा फिरतोय?"

 तिने माझ्याकडे पाहिलं. मी गिटारची एक तार पिळत राहिलो, जिचा सूर बरोबर लागलेला होता. एका वाक्याचं काम होतं. चारशे पोरांसमोर खोटारडा ठरण्यापेक्षा मी तिला चोर ठरू दिलं.

त्यानंतर सुजाता गायली नाही. कॉलेजातच काय, विहाराच्या अंगणातही नाही. पोरं तिला पाहून नुसते ओठ हलवून दाखवायची. दुकानदाराने नाव चुकवलं असेल, असंच ती समजत राहिली. मी अकोल्याला नोकरीला लागलो, कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवू लागलो. ध्वनीचा धडा आला की माझा आवाज बसायचा, आणि पोरांना वाटायचं, सरांना खडूची धूळ लागते.

यंदाच्या डिसेंबरात परतवाड्याहून अकोल्याला येणाऱ्या एसटीत बसलो. तिकीट द्यायला खाकीतली वाहक आली ती सुजाता. ती एसटीत लागल्याचं ऐकून होतो, समोर कधी आली नव्हती. "कुठं?" तिने विचारलं. अकोला म्हणालो. तिने तिकीट दिलं आणि पुढे गेली. अंजनगाव सुटलं आणि मागच्या बाकावर एका कॉलेजच्या मुलीने फोनवर गाणं लावलं. टिक, ठाक, ठाक.  सुजाता मागे गेली. तिचं गाणं तिच्याच गाडीत दुसऱ्याच्या नावाने वाजत होतं. ती म्हणाली, "आवाज कमी कर व बाई, लोकाइले तरास होते."

तिने स्वतःचाच आवाज कमी करायला लावला. मला पुढे बसवेना.

अकोटला गाडी थांबली. मी तिच्यामागे खाली उतरलो आणि सगळं सांगून टाकलं. दुकान, दुकानदाराचा प्रश्न, माझं उत्तर.  हातातलं तिकीटयंत्र तिने दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं.

"तुले तवा लाज वाटली," ती म्हणाली, "माही का माह्या बापाची?"

"दोघांची," मी म्हणालो. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

"मंग आता माह्या बापासमोर सांग. अन् त्याच कॉलेजात, त्याच स्टेजवर सांग. इथं अकोट स्टँडवर मले एकटीले सांगून काय उपेग?" तिने गाडीत चढून दोनदा घंटी वाजवली. मी धावत चढलो, नाहीतर तिने मला अकोटलाच सोडलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

वामनकाकांना आधी सांगितलं. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. लाकडी पेट्या गेल्या तसं त्यांचं काम गेलं. मी माफी मागितली तर त्यांचं तिकडे लक्षच नाही. "थांब थांब," म्हणाले, "माहा हातोडीचा आवाज परदेशात गेला का?" मी फोनवर लावून दाखवलं. त्यांनी फोन कानाला लावून सबंध गाणं ऐकलं. तो रिकामा ठोका आला तसा त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या अंगठ्यावर गेला. मग फोन परत देऊन म्हणाले, "लय खराब काम केलं तू, बाबू." ते इतक्या हळू म्हणाले की माझ्याने खाली पाहूनही उभं राहवेना.

इरफान आता अमरावतीत क्लास चालवतो. जानेवारीतल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात त्याने दहा मिनिटं मिळवली. प्रमुख पाहुणे म्हणून निवृत्त झालेले तेच परीक्षक सर येणार होते. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून पेटीच्या फळ्या कापून आणल्या. सुजाताला विचारलं, सराव करायचा का, चौदा वर्षं झाली, गळा वर जाईल ना? "गळा कुठं जाते?" ती म्हणाली. "रोज साठ मानसाइले पुढं सरकवून राहिली मी." पण हे म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती. तिलाही भीती वाटत होती, हे मला दिसलं.

मेळाव्यात मी आधी उभा राहिलो. चार वाक्यं बोललो. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे गज्या, काय सांगून राहिला बे!" मी म्हणालो, खरं सांगून राहिलो, उशिरा सांगून राहिलो. कुणी हसलं, कुणी कुजबुजलं, पण पटलं होतं असं नाही. पहिल्या रांगेत सर हाताची घडी घालून बसले होते.

दुपारच्या गाडीवर ड्यूटी होती म्हणून सुजाता खाकीतच आली होती. स्टेजवर येताच तिने स्पीकरची वायर काढली. "या टायमाले कशालेच काही जोडू नोको," म्हणाली. माइकही बाजूला ठेवला. वामनकाका बारदान पसरून मांडी घालून बसले, खिळे ओठांत घेतले, एक काढला, फळीवर टेकवला.

टिक. ठाक. ठाक.

हॉलमधली पहिली शांतता अविश्वासाची होती. चार खिळे झाले, पेटी फिरली, खर्र झालं, आणि कुठूनतरी "आईशप्पथ" असा आवाज आला. हे ठोके त्या लोकांनी ऑटोत ऐकले होते, जिन्यात ऐकले होते, परीक्षेच्या दिवसांत उशाशी ऐकले होते. आता ते समोर एक म्हातारा माणूस संत्र्याची पेटी ठोकत काढत होता. सुजाताने त्या गप्प जागेत श्वास घेतला आणि पोटातून गायली. आवाज थोडा जाडा झालाय. मला सांगायला लाज वाटत नाही, माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साडेचारपैकी दोनच कॉर्ड हाताला सापडत होते.

दुसरं कडवं आलं. ती वरची ओळ जवळ आली. काकांना आम्ही काहीच शिकवलं नव्हतं. ठोका सोडा, असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ते म्हणाले असते, खिळा अर्धवट कसा सोडू? सुजाताने मान वर केली. तिचा आवाज गेला, वर गेला, हॉलच्या मागच्या भिंतीला जाऊन भिडला. आणि वामनकाकांनी कामावरून नजर उचलून लेकीकडे पाहिलं.

ठोका पडला नाही.

तो न पडलेला ठोका सगळ्या हॉलला तोंडपाठ होता. आपल्या सर्वात ओळखीचा तो रिकामा अर्धा क्षण समोर घडताना त्यांनी पाहिलं आणि गाणं संपायच्या आत सगळे उभे राहिले. शिट्ट्या, टाळ्या, बाकं बडवणं. तिच्याकडे बघून कधीकाळी ओठ हलवणारे आता तिच्या नावाने घसा फोडत होते. मी आयुष्यात परीक्षा पास झालो, नोकरी लागली, लग्न झालं, पण जिंकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. ते जिंकणं माझं नव्हतं, तरी पोटभर मिळालं.

सर स्टेजवर आले. चष्मा काढून हातात धरला होता. "मी चुकलो," ते म्हणाले. "चौदा वर्षं हे रेकॉर्डिंग मी माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवतोय. असं गायला शिका म्हणून." आणि खाकीतल्या वाहकबाईंना त्यांनी हात जोडून नमस्कार केला.  सुजाता हसली आणि तिने लगेच घड्याळाकडे पाहिलं, गाडीची वेळ झाली होती.

पण निघायच्या आधी ती घाईघाईने बापाजवळ वाकली. तिला वाटलं, पुन्हा लागलं. गलका चालूच होता. वामनकाकांनी ओठातले उरलेले खिळे तळहातावर काढले, डावा अंगठा उजेडाकडे धरून इकडून तिकडून नीट पाहिला आणि लेकीला दाखवला.

"पाह्य," ते म्हणाले, "या टायमाले वाचला."